धारंबगडची लोहबंदी

आश्विन शुद्ध अष्टमीच्या पहाटे धारंब्याच्या खोऱ्यात धुके इतके सपाट साचले होते की बारा गावे, दोन ओढे आणि पिकून पिवळी पडलेली भातखाचरे त्याखाली पार बुडाली होती. वर उघडा राहिला होता तो फक्त धारंबगडाचा काळा कडा, आणि कड्याच्या माथ्यावर उगवतीचे पहिले ऊन अंगावर घेत उभा असलेला झेंडेबुरूज. या खोऱ्यात शिरायला वाट एकच, सावरखिंड. बाकी तिन्ही अंगांना तुटलेले कडे. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी कुंभेरीच्या दरबाराने या खिंडीत चौकी बसवली होती, आणि म्हणूनच चौकीपुढच्या आंब्याच्या आडव्या फांदीला रेशमी दोरीने मुठीएवढा एक काळा दगड टांगलेला होता.

तो लोहचुंबक होता. समुद्रापलीकडच्या कुणा व्यापाऱ्याने राजांना नजर केलेला. अख्ख्या राज्यात तसा दुसरा नव्हता. धान्याचे पोते असो, मिठाची गोणी असो की बाळंतिणीची गोधडी, खिंडीतून आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्या दगडाखाली पातळ पसरायची. आत लोखंड लपवलेले असले की दगड त्या बाजूला झुके, आणि शिपाई हात घाली.

ही युक्ती दरबाराचे वकील गिरमाजी अनंत यांची. युक्तीच कशाला, सगळी बंदीच त्यांची. धारंबगडचा किल्लेदार कुसाजीराव खडतरे फितूर झाला, खोऱ्याचा वसूल दाबून बसला आणि दरबाराच्या जासुदाची शेंडी कापून त्याला परत पाठवता झाला, तेव्हा भर सदरेवर सारे सरदार वेढ्याच्या गोष्टी बोलत असताना गिरमाजीपंत शांतपणे उठले होते आणि म्हणाले होते, "वेढ्यात हजार माणूस पडेल. त्यापेक्षा खोऱ्यात जाणारे लोखंड थांबवावे. लोखंड नाही तर शस्त्र नाही, नाल नाही, कुलूप नाही. रक्ताचा थेंब न सांडता वर्षाच्या आत खडतरे मान खाली घालून खिंड उतरेल." सदरेने वाहवा केली होती. राजांनी अंगावरची शाल काढून दिली होती.

वर्ष गेले. दुसरे गेले. तिसरे सरत आले. खडतरे उतरला नाही. अखेर त्याचे एक दीनवाणे पत्र आले, आणि 'फळ पिकले की काय ते समक्ष पाहून यावे' अशी आज्ञा घेऊन पंत खिंडीत पोचले.

चौकीचा लखमोजी नाईक पुढे झाला. रापलेला, चिवट, तीन वर्षांत एकदाही रजा न मागितलेला माणूस.

"रामराम, पंत. दगड बघा तुमचा. तुमी म्हनला होता इस्तवापासून लांब ठेवा, तर आमी चूलसुद्धा पार त्या टेकाडापल्याड नेली. भाकरी गार खातो, पर दगड राखलाय."

"आणि चौकी?"

"सुई सोडली न्हाई जी." लखमोजीने अभिमानाने एक मडके आणून पंतांच्या पुढ्यात पालथे केले. सुया, दाभण, मोडका अडकित्ता, कानकोरणे, चार-दोन खिळे. त्यातल्या एका खिळ्याला लाल दोरा गुंडाळलेला होता. पंतांनी तो उचलला.

"हा कशाचा?"

"एक लेकुरवाळी होती. माहेरी बाळंतपन करून सासरी चालली होती. बाळाच्या उशाखाली होता. लई रडली, पाया पडली. म्हनली, बाळाला नदर लागंल. मी म्हनलं, बाई, हुकूम म्हंजे हुकूम."

"हुकूम म्हणजे हुकूम," पंत म्हणाले, आणि खिळा मडक्यात टाकला. चोख काम पाहिले की त्यांना नेहमीच बरे वाटे. त्या सकाळीही वाटले.

*

धुके विरले तेव्हा पंत आंबवडे गावात शिरले होते. गाव त्यांनी मुद्दाम निवडले होते. चार वर्षांपूर्वी इथल्या सटवाजी पाटलाने त्यांना गुप्त कागद धाडला होता: 'खडतऱ्यास खोरे विटले आहे. दरबाराने नुसते निशाण दाखवावे, बारा गावे आतून उठतील.' निशाण दाखवायच्या आधीच बंदीची टूम निघाली, आणि तो कागद पंतांच्या दप्तरात पडून राहिला.

दारात पाटलीण उभी होती. राहीबाई. कपाळ पांढरे.

"या. पाटलांच्या माघारी दरबारचं पाऊल पहिल्यांदाच लागलं."

"पाटील गेले?" पंत जागीच थबकले. "कशाने? किल्लेदाराने..."

"किल्लेदारानं बोट लावलं न्हाई त्यास्नी. त्यो शहाना हाय. कागदाचा सुगावा लागला तसं त्यानं चावडीवर गाव गोळा केलं आन् एकच म्हनला, ज्या दरबाराला तुमचा पाटील चोरून कागद लिवतो, त्याच दरबारानं तुमच्या नांगराचा फाळ अडवलाय. झालं! त्या दिसापासनं आमच्या घरचा इस्तू कुनी घेतला न्हाई. आमच्या हिरीवर कुनी आलं न्हाई. पाटील बोलके मानूस. मानसं बोलंनाशी झाली तसे वाळत गेले. दीड वरीस झालं."

पंतांना बसायला घोंगडी टाकली गेली. समोर देव्हाऱ्याशेजारची भिंत ताज्या शेणाने सारवलेली होती, आणि तिच्यावर कोळशाने चित्रे काढलेली होती: एक विळा, एक कुऱ्हाड, एक कोयता, नांगराचा फाळ, आणि कोपऱ्यात, बारकी, सुई. प्रत्येकाखाली हळदीकुंकवाची बोटे ओढलेली.

"हे काय, पाटलीणबाई?"

"उद्या खंडेनवमी न्हवं? घरातली हत्यारं पुजायची असत्यात. हायेत ती पुजावी, न्हाईत ती काढून पुजावी. बाराच्या बारा गावांत घरोघर हेच हाय."

"पण जुनी हत्यारे होती ना तुमच्याकडे? आम्ही बाहेरचे लोखंड थांबवले. घरातले नाही."

राहीबाईने त्यांच्याकडे पाहिले. एखाद्या शहाण्या माणसाने चालत्या बैलगाडीच्या चाकात हात घालावा आणि मग हात का मोडला म्हणून विचारावे, तसे तिला वाटले असावे.

"पंत, झिजतं ते लोखंड झिजतं. नवं येत नसलं म्हंजे जुन्याची किंमत सोन्यावानी. पहिल्याच साली गडावरनं मानसं आली. म्हनली, दरबार तुमचं लोखंड चोरायला टपलाय, ते गडावर जपून ठेवू. फाळ नेले, कुऱ्हाडी नेल्या, गाडीच्या चाकांच्या धावा नेल्या, हिरीवरचा रहाट खोलून त्याचा आस नेला. आता सुगीला ज्याला विळा पायजे त्यानं गडावर जायाचं, मुजरा करायचा, आन् एका विळ्यामागं घरचा एक मानूस शिपाईगिरीला ठेवून यायाचा. भवानीपुढं तशी भाकच दिलीय त्यानं: विळा परत, तर मानूस परत. पर विळा परत केला तर पुढल्या सालचं भात कापायचं कशानं? दातानं?"

तिने कोनाड्यातला विळा काढून पुढे ठेवला. मुठीवर तीन रेघांची खूण तापवून उमटवलेली होती. गडाची खूण.

"ह्यो माझा साबाजी," राहीबाई म्हणाली. "विळ्याच्या बदल्यात ल्योक. वरीस होत आलं."

आतून मूल रडले. सून त्याला घेऊन दाराआड उभी राहिली, आणि पंतांनी पाहिले की बाळाच्या उशाची फळी उघडी आहे आणि तिच्यावरही कोळशाने एक विळा काढलेला आहे.

"एक खिळा होता जी," सून हळूच म्हणाली. "तांबडा दोरा बांधल्याला. खिंडीतल्या शिपायानं काढून घेतला."

गिरमाजीपंत हिशेबी बुद्धीचे मनुष्य होते. त्यांनी मनाशी बारा गावांची घरे धरली, घरटी एक फाळ धरला, एक कुऱ्हाड, दोन विळे, गाड्यांच्या धावा. जो आकडा तीन वर्षांपूर्वी सदरेवर उठण्याआधी मांडायला हवा होता, तो त्यांनी आता, परक्या घोंगडीवर बसून मांडला. आकडा मोठा होता. खिंडीतून वर्षाला जेवढे लोखंड आत जाई, त्याच्या वीस-पंचवीस पट लोखंड खोऱ्यात आधीपासून होते. ते शेतकऱ्याच्या हातात होते. आपण ते किल्लेदाराच्या हातात दिले. त्यांना संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे शोधता शोधता प्रत्येक वेळी ते आपल्याच दाराशी येऊन थांबू लागले.

*

नवमीच्या सकाळी धारंबगडाच्या भवानीपुढे शस्त्रे मांडली होती. पायघड्यांवर ओळीने तलवारी, त्यामागे भाले, त्यामागे बंदुकांच्या नळ्या, आणि त्या साऱ्यांवर झेंडूच्या माळा. पंतांनी तलवारी मोजल्या आणि तीनशेवर मोजणे सोडून दिले. पाती ओबडधोबड होती. एकीच्या पाठीवर तर नांगराच्या फाळाचा जुना बाक अजून ओळखू येत होता.

कुसाजीराव खडतरे हसतमुख, गोरटेला, गुबगुबीत हातांचा गृहस्थ होता. पूजा आटोपताच त्याने भोवतालच्या मंडळींना लांब केले आणि पंतांना आपल्या हाताने विडा दिला.

"पंत, आपण आमचे उपकारकर्ते. आपली पूजा आधी बांधायला हवी होती."

"थट्टा पुरे, रावसाहेब. आपण शरणागतीचे पत्र लिहिलेत."

"लिहिले. फार रडून लिहिले. आवडले का दरबारास?" खडतरे खळखळून हसला. "तीन वर्षांपूर्वी या गडावर चारशे शिबंदी होती आणि तिच्यातली निम्मी पगार थकला म्हणून शिव्या देत होती. खोऱ्यात मला कुणी पाणी विचारीत नव्हते. आज अकराशे माणूस आहे, पैकी सातशे बिनपगारी, आणि बारा गावांत माझ्यावाचून पान हलत नाही. हे कोणी केले? मी? माझी कसली अक्कल! ही आपली कृपा. म्हणून एकच विनंती. दरबारात जाऊन सांगावे की खडतरे वाकला आहे, मोडला नाही. अजून दोन वर्षे बंदी कडक ठेवावी. आपल्या नावे एक गाव इनाम करून देतो."

"आणि मी खरे सांगितले तर?"

"अवश्य सांगा!" खडतऱ्याने विड्याचा देठ खुडला. "बंदी उठवा असे खडतऱ्याच्या गडावरून आलेला वकील म्हणाला, तर सदर काय म्हणेल? पंत फुटले. गाव नको म्हणालात तरी ते घेतलेच असे म्हणतील. मी तर आपल्याला जाताना जरीची शालही देणार आहे. सर्वांदेखत."

आणि त्याने ती दिली. सर्वांदेखत.

*

एकादशीस कुंभेरीच्या सदरेवर सिदोजीराजे बसले होते. उजव्या हाताला दिवाण राजोपंत. गिरमाजीपंतांनी खडतऱ्याची शाल घडी न मोडता जमिनीवर ठेवली, कोणी कशासाठी दिली ते सांगितले, आणि मग पाहिले ते सारे जसेच्या तसे कथन केले. आवाज त्यांनी चढू दिला नाही. रागावलेल्या माणसाचे खरे कोणी ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

राजांनी मान पुढे केली. "खोऱ्यात लोकांचे हाल आहेत?"

"अतोनात, महाराज."

"भात कापायला विळा नाही?"

"नाही."

"बायकामुले रडतात?"

"होय, महाराज."

राजे मागे रेलले. "मग बंदी लागू पडली म्हणायची!"

सदरेवर समाधानाची कुजबुज झाली. गिरमाजीपंतांना ती कुजबुज ओळखीची होती. तीन वर्षे दर महिन्याला हेच चालले होते. त्यांनीच चालवले होते. चौकीवरून खबर यायची की खोऱ्यात हाहाकार आहे, आणि ते स्वतः ती खबर विजयाच्या बातमीसारखी वाचून दाखवायचे. रडतो कोण आणि वाकायला हवा कोण, हे दोन निराळे लोक आहेत, हा विचार एवढ्या मोठ्या सदरेवर एकाही फेट्याखाली आला नव्हता.

"महाराज," ते म्हणाले, आणि आता आवाज चढला, "ज्याच्या गळ्याला फास लावायचा तो गडावर जेवतो आहे! फास बसला आहे पाटलाच्या गळ्याला, जो आपला होता. खडतऱ्याची ताकद त्याच्या तलवारीत नाही. लोकांना त्याच्याकडे हात पसरावा लागतो, यात आहे. विळे आत जाऊ द्यावेत. नुसते जाऊ देऊ नयेत, दरबाराने फुकट वाटावेत. ज्या दिवशी घरोघर आपला विळा येईल, त्या दिवशी गडावरचे सातशे घरी जातील."

"बंडखोरास लोखंड वाटायचे?" राजोपंत हसले. "गिरमाजीपंत, गडावरचे पाणी गोड दिसते. बंदी तीन वर्षे टिकली, आता फळ हाताशी आले, आणि आपल्यालाच दया यावी? शालीबरोबर आणखी काय मिळाले?"

कोणीतरी हसले. मग सारेच हसले.

"बंदी कायम," राजे म्हणाले. "पंतांनी घरी विश्रांती घ्यावी."

*

पंत घरी गेले, पण विश्रांतीस नव्हे. त्यांच्या वाड्याच्या दिंडीला लोखंडी पट्ट्यांचा दरवाजा होता, खिडक्यांना गज होते, अंगणात जुनी तोफगाडीची धाव होती. संध्याकाळपर्यंत ते सारे उखडून लोहारआळीत गोंदा लोहाराच्या भट्टीपाशी पडले. आळीतले सगळे भाते नऊ दिवस धडधडत राहिले.

"बिनदाराच्या घरात राहनार, पंत?" गोंदाने घाम पुसत विचारले. "चोर येतील की."

"येऊ देत. नेण्याजोगे काही उरले नाही." पंत लालभडक पट्टीकडे पाहत होते. "गोंदा, चुंबकाला तापवले तर काय होते?"

"मरतो की! लाल केला का झाला साधा धोंडा. दिसतो तसाच, पर धरत न्हाई कायबी."

सहाशे विळे. सहा बैल. हातात ना परवाना, ना दस्तक. कार्तिक लागण्याआधीच्या एका सकाळी, भात लोंब्यांतून गळायला दोनचार दिवस उरले असताना, गिरमाजीपंत सावरखिंडीत उभे राहिले.

लखमोजीने दगडाची दोरी सोडली. पहिल्याच पोत्यावर दगड इतक्या जोराने झेपावला की खटकन आवाज आला आणि तो पोत्याला चिकटून बसला.

"पंत?"

"विळे आहेत. सहाही बैलांवर."

"हुकूम?"

पंतांची मोहोर त्यांच्या कमरेलाच होती. ती अजून कोणी मागून घेतली नव्हती. एक खोटा कागद लिहून त्यावर ती उमटवली असती तर नाईकाला वाचताही आले नसते. पंतांनी तो विचार वाटेत दोनदा केला होता.

"हुकूम नाही, नाईक. दरबाराने नाही म्हटले आहे. हा माझा गुन्हा आहे. तुम्ही मला बांधलेत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण तीन वर्षे तुम्ही गार भाकरी खाऊन जे राखलेत, ते चुकीचे होते. चूक माझी. खिळा त्या बाळाच्या उशाखालून निघाला, आणि गडावर एक तलवार वाढली. प्रत्येक सुईगणिक असेच झाले."

चौकीचे आठही शिपाई लखमोजीकडे पाहू लागले. लखमोजीने पागोटे काढले, डोके खाजवले, पुन्हा घातले.

"खोटा हुकूम दाखवला असता तर बांधलंच असतं तुमास्नी," तो अखेर म्हणाला. "आता खरं बोलून पंचाईत केलीत." त्याने पोत्याला चिकटलेला दगड दोन्ही हातांनी ओढून काढला, दोरी गुंडाळली, आणि तो पंतांच्या हातात ठेवला. "दगड तुमचा. न्या. दगडाबिगर आमाला काय कळतंय पोत्यात काय हाय ते? भुसा असंल." मग तो मडक्यापाशी गेला आणि लाल दोऱ्याचा खिळा शोधून काढला. "आन् ह्यो बी न्या. ह्यो भुसा न्हाई."

*

तीन दिवसांत बारा गावांचे भात कापून झाले. चौथ्या दिवशी सूर्य कासराभर वर आला असताना गडाच्या वाटेने बायका चढू लागल्या. पुढे राहीबाई, मागे आंबवड्याच्या, मग इतर गावांच्या, पाचशेहून अधिक. प्रत्येकीच्या हातात तीन रेघांच्या खुणेचा विळा. अनवाणी गिरमाजीपंत त्यांच्यातच चालत होते. एका आजारी म्हातारीचा विळा त्यांच्या हातात होता.

दरवाजा बंद होता. राहीबाईने विळा उंबऱ्यासमोर ठेवला आणि तटाकडे पाहून हाक दिली.

"रावसाहेब! भवानीची भाक हाय तुमची. विळा परत, मानूस परत. ह्यो घ्या तुमचा विळा. माझा साबाजी द्या!"

एकामागून एक विळे पडू लागले. तटावर कुसाजीराव दिसला. आज तो हसत नव्हता.

"कुणाच्या लोखंडावर माजलात गं?" तो ओरडला. "दरबाराच्या? ज्यांनी तुमचे..."

"व्हय, त्यांच्याच!" राहीबाई उलट ओरडली. "त्यांनी नेलं, त्यांनी दिलं. तुमी नुसतंच नेलं!"

"बंदुका भरा," खडतरे म्हणाला. "पहिली ती थेरडी."

तटावर दोनशे बंदुका होत्या, आणि त्यांतल्या सव्वाशे विळ्याच्या बदल्यात आलेल्यांच्या हातात होत्या. पंतांच्या डोक्यात हा आकडा स्पष्ट होता. पण उरलेले पंचाहत्तरही माणूस मारायला पुरे होते. ते गर्दीतून वाट काढीत राहीबाईच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"सरका, पंत," ती मागून म्हणाली. "माझा ल्योक मला बघंना तिकडनं."

झेंडेबुरुजाच्या बाजूला एक काळासावळा पोरगेला शिपाई उठून उभा राहिला. त्याने बंदूक तटावरून खाली टाकून दिली. ती कड्यावर आपटत, फुटत, खूप वेळ खाली जात राहिली. मग दुसरी पडली. मग कुणी मोजले नाही. दरवाजाचा अडसर आतून निघाला तो किल्लेदाराच्या हुकुमाने नव्हे.

साबाजी धावत आला आणि आईच्या पायाशी वाकला. राहीबाईने त्याला उठवले, त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग रडली.

*

आता पुढचे ऐकावे, कारण बखरीत ते असे लिहिलेले नाही.

उरलेल्या शिबंदीनिशी गड राखणे अशक्य झाले तसा कुसाजीराव खडतरे दहा दिवसांत दरबारास शरण गेला. त्याने किल्ल्या चांदीच्या तबकात ठेवल्या आणि राजांपुढे अश्रू ढाळून सांगितले, 'महाराजांच्या लोहबंदीने सेवकास जेरीस आणले.' राजोपंतांचे डोळे पाणावले. खडतऱ्यास अभय, मानाची वस्त्रे आणि दुसऱ्या परगण्यात जहागीर मिळाली. दरबारी बखरकाराने लिहिले: 'तीन वर्षे लोखंड बंद केले, तेणेकरून धारंबगड रक्ताविना हस्तगत जाहला.' सहाशे विळ्यांचा, पाचशे बायकांचा, सटवाजी पाटलाचा त्यात उल्लेख नाही. लखमोजी नाईकाची चौकी गेली आणि चाकरीही. हुकूम मोडून बंडखोरास लोखंड पोचवल्याबद्दल गिरमाजी अनंतांची वकिली काढली, वाडा जप्त झाला, आणि त्यांना नजरकैदेत ठेवण्यासाठी गाव नेमून देण्यात आले. ते गाव आंबवडे निघाले, हा कुणा कारकुनाचा दयाळूपणा की अज्ञान, ते कळायला मार्ग नाही.

पुढल्या खंडेनवमीला राहीबाईच्या भिंतीवर चित्रे नव्हती. पाटावर विळा होता, कुऱ्हाड होती, नवा फाळ होता. पाळण्यात उशाखाली लाल दोऱ्याचा खिळा होता. त्याच दिवशी दुपारी कुंभेरीहून दोन स्वार आले.

"पंत, दिवाणजींची आज्ञा. तांबसखोरे फितले आहे. तिथे दरबार लोहबंदी बसवणार. धारंबगडास इतकी लागू पडली, तेव्हा... तो दगड आपणापाशी आहे म्हणतात. द्यावा."

गिरमाजीपंतांनी उठून स्वारांसाठी घोंगडी टाकली. तांबसखोऱ्यातही घरोघर एक फाळ असणार. तिथेही एखाद्या पाटलाने एखादा कागद लिहिलेला असणार, आणि तो कुणाच्या तरी दप्तरात पडून असणार.

"बसा," ते म्हणाले. "पाटलीणबाई, पाहुण्यांना जेवू घाला. सणाचा दिवस आहे. पुरणपोळी झाल्याशिवाय सोडू नका. दगड धूळ खात पडला आहे, जरा साफ करून आणतो."

गावच्या लोहाराची भट्टी पूजेसाठी थंड ठेवलेली होती. सणाला भट्टी पेटवायची नसते. लोहार कुरकुरला. पंतांनी स्वतः कोळसे भरले, स्वतः भाता ओढला. सत्तावन्न वर्षांच्या ब्राह्मणाचे हात त्या कामाला नवखे होते, पण त्या हातांत एका वर्षाचा राग होता, आणि त्याआधीच्या तीन वर्षांचा. दगड काळ्याचा तांबूस झाला, तांबूसचा लाल. पंतांनी तो तसाच लाल विस्तवात धरून ठेवला, स्वारांच्या हसण्याबोलण्याचा आवाज थांबेपर्यंत.

निवाल्यावर तो पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागला. तसाच काळा, तसाच जड. पंतांनी तो रेशमी रुमालात नीट गुंडाळला आणि स्वारांपाशी नेला.

"सांभाळून न्या," ते म्हणाले. "राज्यात असा दुसरा नाही."

स्वारांनी मुजरा केला आणि घोड्यांना टाच दिली. गिरमाजीपंतांनी भट्टीवर परतून लोहाराच्या ऐरणीवरून एक सुई उचलली, तिचे टोक बोटावर टेकवून पाहिले, आणि ती आपल्या फाटक्या अंगरख्याच्या काठात खोचून ठेवली.